संस्थेचा गळा

थायरॉईडच्या आजारासाठी डॉक्टरांनी संस्था काढली, तिच्या पहिल्या सभेला सगळं होतं. अध्यक्ष होते, फळा होता, कपबशा होत्या, रुग्णसुद्धा होता. फक्त रुग्णाचा गळा मोजायला टेप नव्हती.

रुग्ण म्हणजे एक शिंपीणबाई. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या गळ्यांची मापं घेऊन कॉलरी शिवल्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या गळ्याला मात्र मुठीएवढी गाठ आली होती आणि दर वर्षी त्यांना आपल्या कपड्याचा गळा उसवून वाढवावा लागत होता. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून त्या भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायच्या. गाठ काढून मिळावी, एवढंच मागणं घेऊन त्या हॉस्पिटलात आल्या होत्या. तिथून त्यांना "जरा वरच्या मजल्यावर चला" म्हणून या सभेत आणून बसवलं होतं.

"टेप कुठंय?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं. हे संस्थेचे अध्यक्ष. गाठ गोळीनं उतरते, असं त्यांचं मत होतं. शेजारी सर्जन बसले होते. गाठ सुरीनंच जाते, असं त्यांचं मत होतं. टेप दोघांकडंही नव्हती.

शेवटी बाईंनीच पिशवीतून आपली काढून दिली. वर्षानुवर्षं वापरून तिचं टोक झिजलं होतं, म्हणून बाईंनी पहिला एक इंच कापून टाकला होता. माप घेतलं की त्या मनातल्या मनात एक वजा करत. हातालाच सवय पडली होती.

"सतरा," मोठे डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, त्यातला एक..."

"बाई, बोलू नका. गळा हलतो."

दाराशी बाईंची नणंद उभी होती. ती म्हणाली, "अहो, पण ती टेप..."

"नातेवाईकांनी बाहेर थांबायचं."

सतरा इंच वहीत शाईनं लिहिले गेले. सहा महिने गोळ्या झाल्या. पुन्हा सभा भरली, आणि या वेळी संस्थेनं स्वतःची नवी कोरी टेप आणली होती. माप आलं सोळा. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा पुसला, पुन्हा मोजलं. सोळाच. खोलीत टाळ्या पडल्या.

"डॉक्टर," बाई हळूच म्हणाल्या, "गळा पहिल्या दिवशीही सोळाच होता. माझी टेप एक इंच आखूड आहे."

मोठे डॉक्टर मायेनं हसले. "बाई, एवढा विनय बरा नव्हे. गुण आलाय तर आला म्हणावं."

"पण मला तर काही उतरल्यासारखं वाटत नाही."

"रोग्याला ते सगळ्यात शेवटी कळतं."

तो एक इंच संस्थेच्या पुस्तकात छापून आला. सोबत बाईंचा फोटो होता, डोळ्यांवर काळी पट्टी मारलेला. नणंदेनं तो उलटसुलट करून पाहिला.

"वहिनी, ओळख पटू नये म्हणून डोळे झाकलेत म्हणे. अख्खी गल्ली तर तुम्हाला गाठीवरनंच ओळखते."

"छापायचं ते छापू दे हो, वन्सं. काढणार कधी, तेवढं विचारलंत का?"

"विचारलं. म्हणाले, इतकी गुणी गाठ काढायची कशाला?"

त्या एका इंचावर संस्था फोफावली. नवाचे साठ सभासद झाले. दर वर्षी अधिवेशन भरे, आणि दर वर्षी व्यासपीठावर बाईंचा गळा मोजला जाई. पंचाईत अशी की गाठ गुपचूप वाढत होती. मग टेप धरायचं काम हळूहळू विश्वासातल्या माणसाकडं गेलं. आवळणारा हात घट्ट हवा आणि चेहरा प्रसन्न हवा. चौथ्या वर्षीच्या गृहस्थांनी तर अशी आवळली की बाईंचे डोळे पांढरे झाले.

"पंधरा," ते म्हणाले.

अजून थोडं ओढा, बाराही भरतील, असं बाईंना सांगायचं होतं. पण तोंडातून नुसती हवासुद्धा बाहेर येईना.

त्या दिवशी बाईंनी जिन्यात सर्जनना गाठलं आणि टेपेची सगळी हकिकत सांगितली. सर्जननी बाईंची आणि संस्थेची, दोन्ही टेपा शेजारी शेजारी लावून पाहिल्या. त्यांचा चेहरा असा उजळला, की जणू घरात मूल जन्माला आलं.

"बाई, हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. गळा हलतो म्हणाले."

महिन्याभरात संस्था फुटली. सर्जननी आपली वेगळी संस्था काढली. तीही थायरॉईडचीच, तीही अखिल आणि आद्य. साठातले तीस तिकडं गेले. बाईंना वाटलं, चला, उशिरा का होईना, देवानं डोळे उघडले. त्या अंथरूण-पांघरूण बांधून सर्जनच्या दारात उभ्या राहिल्या.

"मग, कधी कापता?"

सर्जन घुटमळले. "कापू की. माझ्या हातचा मळ आहे तो. पण असं बघा, गोळी खोटी ठरवायची तर गाठ जागेवर नको का? कापून टाकली तर मी लोकांना दाखवू काय? एक-दोन वर्षं कळ काढा."

आता बाईंना दोन आमंत्रणं येऊ लागली. एकाच दिवशी, मुद्दाम. सकाळी मोठ्या डॉक्टरांकडं टेप आवळून, दुपारी सर्जनकडं टेप सैल सोडून.

"सकाळी चौदा, दुपारी एकोणीस," नणंद म्हणाली. "वहिनी, हा गळा आहे का समुद्र?"

बाई हसल्या, आणि हसताना त्यांचा श्वास अडकला. त्या आठवड्यात घोटभर पाणीही खाली उतरेना. शहरातल्या ज्या डॉक्टरकडं जावं, तो या नाहीतर त्या संस्थेचा सभासद. गाठ बघायच्या आधीच तो हात जोडायचा: "या गळ्याला मी कसा हात लावू? तुम्ही पुस्तकात आहात." शेवटी नणंदेनं त्यांना गाडीत घातलं आणि दिवसभराच्या वाटेवरच्या एका लहानशा दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर एकटाच. बाहेर बाकावर माणसं दाटीवाटीनं बसलेली, उरलेली पायऱ्यांवर.

"आपण कुठल्या संस्थेचे?" नणंदेनं आधीच विचारून घेतलं.

"संस्था? मावशी, मला इथं जेवायला वेळ होत नाही." त्यानं गळा चाचपला आणि त्याचा चेहरा उतरला. "आठ वर्षं काय करत होतात? हे अगदी आवाजाच्या नसेपर्यंत गेलंय. काढतो, पण आवाज जाऊ शकतो."

"जाऊ दे," बाई म्हणाल्या. "आठ वर्षं बोलतेच आहे. कुणी ऐकलंय?"

दुसऱ्या दिवशी त्यानं गाठ काढली. आठ वर्षांनी बाई उताण्या झोपल्या.

पुढं अधिवेशनाची पत्रं आली तेव्हा जायचं काही कारण नव्हतं. पण नणंद म्हणाली, "वहिनी, मला त्यांची तोंडं बघायचीत." म्हणून त्या गेल्या. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. चार वर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेल्या दोन्ही संस्था त्या दिवशी एकाच खोलीत बसल्या होत्या, सुतक असल्यासारख्या. मोठ्या डॉक्टरांनी बाईंचा सपाट गळा पाहिला. घरफोडी झाल्यावर माणूस रिकाम्या कपाटाकडं बघतो, तसा.

"कोणी केलं हे?"

"आम्हा दोघांना न विचारता," सर्जन म्हणाले. "नाव सांगा, बाई. त्याची पाटी उतरवल्याशिवाय राहणार नाही."

"एकमतानं ठराव करू," मोठे डॉक्टर म्हणाले. आठ वर्षांत त्यांचं एकमत झालं ते हे पहिलंच.

बाईंना तो बाक आठवला, आणि त्याच्यावर दाटीवाटीनं बसलेली माणसं. त्यांनी तोंड उघडलं, ओठ हलवले, गळ्यावर हात ठेवला आणि मान हलवली.

नणंद क्षणभर चमकली. मग तिनं पदर डोळ्यांना लावला. "आवाज गेला हो वहिनींचा. आणि मी मेली अडाणी, मला पत्ता कुठला आठवायला."

बाईंना वाटलं, आता तरी कुणी खुर्ची पुढं करील. मोठ्या डॉक्टरांनी खिशातलं पेन काढलं.

"आवाज संपूर्ण गेलेला. अशी केस आपल्याकडं अजून नाही," ते म्हणाले. "कारण, ऑपरेशन."

"कारण, ऑपरेशनला झालेला उशीर," सर्जन म्हणाले. "तुमच्या गोळ्यांमुळं."

"ऑपरेशन."

"उशीर."

दोन्हीकडची माणसं उठून उभी राहिली. पुढच्या वर्षी बाईंना आपल्याच व्यासपीठावर उभं करायचं, असं दोघांनीही जाहीर केलं. त्या गलक्यात ठराव राहूनच गेला, आणि बाई नणंदेचा हात धरून बाहेर पडल्या.

पायऱ्या उतरताना नणंदेला हसू आवरेना. "पण वहिनी, पुढच्या वर्षी बोलावतील त्याचं काय?"

"मी गेले म्हणून कळवा," बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "दोघांनाही कळवा. कशानं गेले, ते काही लिहू नका. ते त्यांचं ते ठरवतील."