गॅलरीत कोणी राहत नाही

रकाना १. मालकाचे नाव

बाबांचं. ते असू द्या. घर त्यांचं असलं तरी घरातली अक्कल माझी, असं मी परवापर्यंत समजत होतो.

घरपट्टीच्या फेरआकारणीची नोटीस आली तेव्हा सगळी बिल्डिंग हादरली. मी नाही! घरमालकहो, यात घाबरण्यासारखं काही नसतं. एक बाई येतात, मोजमाप घेतात, कुठली जागा कशासाठी वापरता ते लिहितात आणि जातात. गॅलरी उघडी असेल तर धरत नाहीत. काचा लावल्या की तिची खोली होते, आणि खोली झाली की पट्टी वाढते. आमच्या गॅलरीला काचा होत्या. मग काढायच्या! एका दिवसापुरत्या! हाय काय नि नाय काय!

"आणि बाबा?" बायको म्हणाली.

"त्यांचं काय?"

"ते तिथे राहतात."

रकाना २. खोल्या

आई गेल्यावर बाबांनी आपला पलंग गॅलरीत नेला, त्याला सहा वर्षं झाली. बाबा सरकारी नोकरीत वजनकाटे तपासायचे. दुकानोदुकानी जायचं, काटा खरा की खोटा ते बघायचं, खऱ्यावर शिक्का मारायचा. चाळीस वर्षं! अशा माणसाला बेत सांगण्यात अर्थ नव्हता. सकाळीच त्यांना ताईकडे पाठवलं. "तिला तुमची फार आठवण येते," म्हणालो. ताईला कळवायचं मात्र राहून गेलं.

नऊ वाजता काचवाल्याने काचा उतरवल्या. पलंगही त्याच्याच हातून हॉलमध्ये आणवला. गॅलरीत दोरी बांधली, धुतलेले कपडे वाळत घातले. ते वाळलेलेच होते, म्हणून आधी भिजवले. गॅलरी इतकी उघडी दिसायला लागली की मलाच थंडी वाजली.

रकाना ३. वापर

मोजणीच्या बाई सव्वादहाला आल्या. शांत होत्या. शांत माणसांचं काही सांगता येत नाही.

"हॉलमध्ये पलंग?"

"पाहुण्यांसाठी," मी म्हणालो.

"मुलीच्या अभ्यासासाठी," त्याच क्षणी बायको म्हणाली.

"पाहुणे नसले की ती पलंगावर बसून अभ्यास करते," मी म्हणालो.

बाई गॅलरीत गेल्या. माझ्या शर्टाची ओली बाही त्यांनी दोन बोटांनी बाजूला केली. मागच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेलं होतं: सकाळी पांढरी गोळी, दुपारी अर्धी, जेवणानंतर दोन. त्याखाली घंटीचं बटण, आणि त्यावर चिठ्ठी, 'जोरात दाबा'.

"कपडे वाळत घालायच्या जागी गोळ्या कोण घेतं?"

"कोणी नाही. जुनं आहे ते."

"कोणाचं?"

"वडिलांचं."

"मग ते आता कुठे असतात?"

घरमालकहो, इथे थांबता आलं असतं. 'ताईकडे' एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण मी घाबरलो होतो, आणि घाबरलेला माणूस जवळचं उत्तर सोडून लांबचं देतो.

"वारले," मी म्हणालो. "मागच्या वर्षी."

स्वयंपाकघरात कपबशी फुटली.

रकाना ४. (खाडाखोड)

बाईंनी पेन मिटलं. "माफ करा," म्हणाल्या. मग पुन्हा उघडलं. "पण घर त्यांच्याच नावावर दिसतंय. मालक मयत म्हणजे वारसांची नोंद आली. मृत्यूचा दाखला?"

"सापडत नाहीये."

"मग शेजाऱ्याचा जबाब घेऊ. मयताला ओळखणारं कोणीही चालेल."

उघड्या दारात बाबा उभे होते, कधीपासून कोण जाणे. ताईच्या घराला कुलूप होतं. हातात पिशवी, कपाळावर घाम. त्यांनी हॉलमधला पलंग पाहिला. उघडी गॅलरी पाहिली, तिच्यात लटकलेले माझे शर्ट पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. काट्याकडे ते असेच बघायचे.

"आजोबा, तुम्ही शेजारचे का?" बाईंनी विचारलं.

ज्या माणसाने सख्ख्या मेहुण्याच्या दुकानातला काटाही सोडला नव्हता, तो म्हणाला, "हो. शेजारचा."

रकाना ५. साक्षीदार

"ओळखत होतात त्यांना?"

"बऱ्यापैकी."

"कसे होते?"

बाबा स्वतःच्याच पलंगावर पाहुण्यासारखे कडेला टेकले. "मापात चोख. मुलाच्या बाबतीत मात्र काटा झुकायचा."

"या गॅलरीत राहायचे?"

"राहायचे. सकाळचं ऊन येतं तिथे." मग म्हणाले, "कोणाला अडचण होत असेल, असं वाटलं नव्हतं त्यांना."

दाराआड बायको रडत होती. बाईंना वाटलं, सासऱ्यांसाठी रडते आहे. तेवढं एक त्या दिवशी खरं होतं.

"इथे पूर्ण नाव लिहा आणि सही करा."

बाबांनी चष्मा पुसला. पेन हातात घेतलं आणि बराच वेळ नुसतं धरून ठेवलं. मग सावकाश पूर्ण नाव लिहिलं. खाली सही केली.

बाईंनी ते वाचलं. मग रकाना एक वाचला. मग पुन्हा हे वाचलं.

"आजोबा, हे तर मयताचं नाव आहे."

"तोंडाने बोलून गेलो, बाई. पोरगं अडकलं होतं. पण खोटी सही नाही जमत हो."

मी वर पंख्याकडे बघत राहिलो. तो बंद होता.

रकाना ६. शेरा

बाईंनी 'मयत' खोडून 'हयात' लिहिलं. गॅलरी: राहती खोली. खोटी माहिती दिल्याबद्दल वेगळी नोटीस येईल, ती माझ्या नावाने. निघताना म्हणाल्या, "सत्तरीपुढचा मालक स्वतः घरात राहत असला तर पट्टीत सूट मिळते. गॅलरीची वाढ तिच्यातच भागली असती. आता आधी तुमची चौकशी होईल. नोटिशीच्या मागे सगळं छापलंय, वाचलं नाहीत?"

नोटिशीच्या मागे मी काचवाल्याचा नंबर लिहून ठेवला होता.

दार लागलं. बाबा तसेच पलंगाच्या कडेला बसून होते.

"बाबा, चुकलं माझं."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. म्हणाले, "कशाने गेलो मी?"

"अं?"

"मागच्या वर्षी. कशाने?"

"तेवढं विचारलं नाही बाईंनी."

"विचारलं असतं तर?"

मी अगदी मनापासून विचार केला.

"झोपेत," म्हणालो. "काही त्रास न होता."

"बरं केलंस," बाबा म्हणाले आणि उठले. "आता पलंगाचं ते टोक धर."