चौथा धडा : चित्र पलटवा

मला कॉम्प्युटर येतो. हे मी सांगत नाही, अख्खा कुंभारवाडा सांगतो. निदान गेल्या वैशाखापर्यंत तरी सांगत होता!

आता कुंभारवाड्यात कॉम्प्युटर येणारा माणूस म्हणजे काय मान असतो, हे शहरात बसून कळायचं नाही. आमच्याकडे, कर्नाटकाच्या या कोपऱ्यात, घरं रानात विखुरलेली, बस मोजक्या, त्याही ड्रायव्हरच्या मर्जीनं. अशा ठिकाणी माझं किराणा दुकान आहे. मी मूळचा खानापूरचा, नाव दत्तप्रसाद, पण सगळे दत्ताण्णा म्हणतात. शिक्षण सगळं मराठीतून. कानडी फडाफडा बोलतो, पण वाचता म्हणून येत नाही. बसची पाटी अजून बायकोकडून वाचून घेतो. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मुलानं, प्रवीणनं, नवा लॅपटॉप घेतला आणि जुना मला देऊन तो बेळगावला निघून गेला. शिकवायला कोणी नाही. मग मी बेळगावातूनच एक जाडजूड पुस्तक आणलं. घरचा कॉम्प्युटर आणि फोटो एडिटिंग, तीस धड्यांत, नवशिक्यांसाठी, चित्रांसहित! काय पुस्तक होतं महाराजा! लॅपटॉप कसा उघडायचा इथपासून सुरुवात. आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी, ठळक अक्षरात, एकच वाक्य : ‘आहे की नाही सोपं?’

मी प्रत्येक वेळी मोठ्यानं ‘आहे!’ म्हणायचो. दुकानातली गिऱ्हाइकं दचकायची.

खरं सांगतो, मी थक्क झालो होतो. फोटोतला अंधार बोटानं सरकवून कमी करता येतो! पुसट झालेला माणूस हळूहळू वर येतो, डोहातून वर यावा तसा! चुकलं तर एक बटण दाबायचं, की चूक झालीच नव्हती! मी बायकोला, सुप्रियाला, हाक मारली.

“अगं बघ, झालेली चूक मागं घेता येते!”

“मग तीस वर्षं आधी का आणला न्हाईसा हे?” ती म्हणाली आणि भाकऱ्या करायला गेली.

माझी कीर्ती वरच्या वस्तीपर्यंत गेली आणि एक दिवस फुलाक्का दुकानात आली. साठीची बाई, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं पदरातून एक फोटो काढला. तळहाताएवढा, कडा खाल्लेल्या, ओल लागून पिवळा पडलेला.

“दत्ताण्णा, माज्या भावाच्या लग्नातला हाय ह्यो. मधी नवरा, म्हंजे माजा भाऊ चंद्रा. त्याच्या दोन्हीकडं दोगं हुबं हायत. फोटूत बघताना यडक्क हाय त्यो माजा मालक, कान्हू.”

यडक्क म्हणजे डावीकडे. दिशा आम्ही इकडे कानडीतूनच सांगतो.

“अंकिता तीन म्हैन्याची हुती तवा तापानं गेलं ते. एवढा एकच फोटू हाय. पोरीनं बापाचं तोंड कवा नीट बघितलं न्हाई, ह्यात तर पावट्याएवढं दिसतंय. आता तिचं लगीन हाय. मांडवात बाप पायजे, दत्ताण्णा. खुर्चीवर बसवीन मी त्यास्नी.”

दांडेलीच्या स्टुडिओवाल्यानं फोटो बघून हात जोडले होते म्हणे. मी छाती पुढं काढली.

“फुलाक्का, तुझा कान्हू मी असा काढून देतो, की आत्ता बोलेल असं वाटेल! तीस धडे आहेत माझ्याकडे!”

त्या वेळी मी तिसऱ्या धड्यावर होतो.

मोबाइलनं त्या फोटोचा फोटो काढला, लॅपटॉपवर घेतला आणि मूळ फोटो फुलाक्काला परत दिला. तिनं तो ट्रंकेत जपून ठेवला. मग मी चौथा धडा उघडला. ‘चित्र पलटवा.’ एक बटण दाबलं, की उजवीकडचा माणूस डावीकडे आणि डावीकडचा उजवीकडे! आरशात बघावं तसं! मी पोरासारखा ते बटण दाबत सुटलो. टप, इकडून तिकडे! टप, तिकडून इकडे! किती वेळा दाबलं कोण जाणे. तेवढ्यात सुप्रियानं जेवायला हाक मारली. मी टप करून एक शेवटचं दाबलं, सेव्ह केलं आणि उठलो.

दुसऱ्या दिवशी फोटो मोठा केला, तर मांडवामागच्या भिंतीवर काहीतरी रंगवलेलं दिसलं. मूळ फोटोत ती अक्षरं मुंगीएवढी, माझं लक्षही गेलं नव्हतं. गोल गरगरीत अक्षरं, वरची रेघ पुसलेली. मला एकही वाचता येईना. म्हटलं, कानडी दिसतंय! आमच्याकडे भिंतीवर कानडी असणारच. मी पुढं गेलो.

मग आठ दिवस मी डावीकडच्या माणसावर राबलो. पाचव्या धड्यानं कातरून वेगळा केला, तिसऱ्यानं उजेड दिला. गालावर ओलीचा एक मोठा काळा डाग होता, तो आठव्या धड्यानं असा घालवला की गाल लोण्यासारखा झाला. कोट, कुरळे केस, भरदार मिशी. सातवा धडा होता, ‘नको असलेली माणसं पुसून टाका’, पण तो अठरा पानांचा होता म्हणून मी आळसानं सोडला. त्या आळसाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही!

रामनगरात प्रिंट काढली, काचेची फ्रेम केली, चंदनाचा हार घातला आणि कुणालाही न दाखवता कागदात गुंडाळून ठेवली. मांडवातच उघडायची!

लग्न नंदिगड्ड्याच्या देवळापाशी होतं. मी फ्रेम घेऊन गेलो आणि लॅपटॉपही घेतला. आधी आणि नंतर कसा फरक पडला, ते जमलेल्या लोकांना दिसायला नको? मुहूर्ताला अर्धा तास असताना खुर्चीवर फ्रेम ठेवली आणि कागद काढला. फुलाक्का पुढं आली. तिला धड दिसत नव्हतं, म्हणून तिनं काचेवरून बोटं फिरवली.

“आला काय ओ तुमी?” ती हळूच म्हणाली.

अंकिता मुंडावळ्या सावरत नुसती बघत राहिली. ती नेहमीसारखी कानांवर केस ओढून बसली होती. तिचे कान जरा बाहेर आलेले, त्यावरून शाळेत पोरांनी फार चिडवलं होतं.

मग कन्यादानाला बसणारे परशुराम आले. कान्हूचे जिवलग मित्र, त्या फोटोतला नवरदेवाच्या पलीकडचा माणूस हेच. आता डोकं तुळतुळीत, पोट सुटलेलं. त्यांनी फोटोला फूल वाहिलं, हात जोडले आणि घळाघळा रडायला लागले.

“कान्ह्या! काय रुबाब हुता रं तुजा! मी तर इसरलोच हुतो!”

त्यांच्यामागून त्यांची बायको, सावित्रीवहिनी, आल्या. त्यांनी फोटो बघितला आणि अशी किंकाळी फोडली की देवळाच्या शिखरावरची कबुतरं उडाली.

“अगं बाय माजे! हे तर आमचं ह्येनीच की!”

“कोण?” परशुराम म्हणाले.

“तुमी!”

“मी हितं हाय!”

“तुमी हितं हाय आनि हार घालून तितंबी हाय! माज्या बानं दिलेला कोट वळखत न्हाई व्हय मी?”

परशुरामांनी फोटोजवळ तोंड नेलं. “मग माजी चामखीळ कुटं हाय?” असं म्हणून त्यांनी गालाला हात लावला. गालावर चामखीळ होती. ओलीच्या डागाएवढी!

आठवा धडा!

मांडवात एकच कालवा उठला. जिवंत माणसाला हार! तोही कन्यादानाला बसणाऱ्या! कुणी म्हणालं अपशकुन झाला, कुणी म्हणालं उलट आयुष्य वाढतं. परशुराम मात्र आपलं फूल परत उचलायला लागले. भटजी घड्याळ बघत होते. आणि फुलाक्का काचेवरचा हात मागं घेऊन नुसती उभी होती.

“मग माजं मालक कुटं हायत, दत्ताण्णा?”

या बाईनं माझ्याकडे एकच मागितलं होतं, आणि मी तिला शेजारचा माणूस आणून दिला होता! जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

“फुलाक्का, तू यडक्कच म्हणालीस ना?”

“यडक्कच! पंचवीस वरसं बघत आल्ये न्हवं!”

मूळ फोटो ट्रंकेत, ट्रंक कुंभारवाड्यात आणि बस संध्याकाळी. मी लॅपटॉप उघडून अख्खा फोटो दाखवला. “हे बघा, डावीकडे हाच आहे. माझी काय चूक? मागं भिंतीवर कानडी पण दिसतंय.”

अंकिता पुढं वाकली. ती कानडी शाळेत शिकलेली, मराठीही वाचणारी. तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

“काका, हे कानडी न्हाई.”

“मग?”

“मराठीबी न्हाई.” मग टिकली लावायला आणलेला हातातला आरसा तिनं लॅपटॉपसमोर धरला आणि मोठ्यानं वाचलं, “शु-भ-वि-वा-ह.”

चौथा धडा! शेवटचं टप!

पण अंकिता अक्षरांवर थांबलीच नव्हती. ती आरशात डावीकडे बघत होती. मी फोटो पलटवला, त्या दुसऱ्या माणसाला मोठा केला, उजेड दिला. पिवळ्या धुक्यातून तो हळूहळू वर आला. कोवळा, बारीक, साधा सदरा घातलेला, फोटोवाल्याला घाबरून बघणारा. आणि दोन्ही कान बाहेर आलेले!

पंचवीस वर्षं पावट्याएवढा राहिलेला माणूस सगळ्यांदेखत समोर येऊन उभा राहिला होता. असलं काही मी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं.

“आई,” अंकिता म्हणाली, “कान माजंच हायत की गं!”

“मग? कुनाचं असनार?” फुलाक्का म्हणाली आणि रडायला लागली.

अंकितानं डोळे पुसले आणि कानांवरचे केस मागं सारून खोवले. दोन्हीकडचे.

आता प्रिंट कुठून आणणार? फ्रेमवरचा हार काढून लॅपटॉपला घातला आणि तोच खुर्चीवर ठेवला. बॅटरी सहा टक्के! मंगलाष्टकं सुरू झाली. पडदा झोपी जाऊ नये म्हणून मी खुर्चीमागं बसून बोट फिरवत होतो आणि बटणांवरच्या अक्षता फुंकत होतो. शेवटच्या ‘सावधान’ला टाळ्या वाजल्या आणि पडदा काळा झाला.

“लाइट गेली काय?” फुलाक्कानं विचारलं.

“बॅटरी गेली, अक्का.”

“जाऊंद्या. लगीन बघून गेलं ते.”

चार दिवसांनी खरा फोटो फ्रेम करून मी स्वतः तिच्या भिंतीवर लावला. परशुरामांनी आपला फोटो मागून नेला. मी म्हटलं, चामखीळ परत बसवून देतो. तर म्हणाले, “नगो गा, ऱ्हाऊंदे!”

आणि मी? मी कानडी वाचायला शिकायचं पक्कं केलं. दांडेलीहून पोरांचं पहिलीचं अक्षरांचं पुस्तक आणलं. दुकानात बसून पहिलं पान उघडलं आणि तासभर डोळे फाडून बघितलं, पण एक अक्षर लागेल तर शपथ! शेवटी सुप्रियाला म्हटलं, “अगं, कानडी भलतीच अवघड आहे.”

ती दारातून डोकावली.

“अवं,” ती म्हणाली, “पुस्तक उलटं धरलाय.”