नानांच्या टर्बोला माणसं लागतात

आमच्या शेजारचे नाना घरी पोचले तरी घरात जात नाहीत. गाडी अंगणात लावतात, हँडब्रेक ओढतात आणि इंजिन चालूच ठेवून, स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून डोळे मिटून बसून राहतात. तेवढ्यात माझी ब्लाऊजची एक बाही लावून होते. लग्न होऊन मार्गासनीला नवी नवी आले तेव्हा हे ध्यान पहिल्यांदा बघितलं आणि म्हाताऱ्याला झटका आला म्हणून मी बोंब ठोकली. चार घरची माणसं धावत आली. नानांनी काच खाली केली आणि तोंडावर बोट ठेवून मलाच दटावलं, "शूऽऽ! टर्बोला दम टाकू दे, सूनबाई."

टर्बो म्हणजे इंजिनातला एक पंखा. इंजिनाच्याच धुरावर फिरतो आणि आत जास्तीची हवा कोंबतो. पळून आलेली गाडी धाडदिशी बंद केली तर त्या तापलेल्या पंख्याला तेल मिळत नाही आणि तो खराब होतो, असं नाना सांगतात. असेल बाई. पण म्हणून साखरपुडा असो की मयत, दारात पोचलेला माणूस गाडीतच? माझ्या नणंदेच्या लग्नात अंतरपाट धरलेला, भटजी घसा खाकरतायत, आणि हार आणायला भोरला गेलेले नाना हार मांडीवर घेऊन मांडवाबाहेर टर्बोला दम देतायत! मीच जाऊन खिडकीतून हार ओढून आणले.

नाना पूर्वी धरणाच्या कामावर सरकारी जीप चालवायचे. मूळचे गुंजवण्याकडचे. धरण झालं तशी त्यांची भावकी पांगली, कुणी कुठं गेलं, कुणी कुठं. पुढं काकू, म्हणजे नानांची बायको, वारल्या. एकुलती एक लेक, सुनंदाताई, ती पुण्याला दिलेली. नानांच्या घरात राहिले नाना आणि अंगणात ही जुनी डिझेल गाडी.

तिची माहिती ते स्थळ सुचवल्यासारखी सांगतात. "चार सिलेंडर, सोळा व्हॉल, कॉमन रेल, टर्बो, वर इंटरकूलर. अ‍ॅव्हरेज वीसच्या खाली न्हाई. घाटात तिसऱ्या गेरावर चढती, कुठं थुकायलाबी थांबत न्हाई." समोरचा नुसता पत्ता विचारायला आलेला असतो. बिचारा मान डोलवत उभा राहतो, कारण नानांनी त्याचा खांदा धरलेला असतो.

गुण सांगून झाले की दुखणी. मंगळवारी इंजेक्टर ठोकतोय, बुधवारी टर्बोचा पाइप शिट्टी मारतोय, आणि ईजीआर नावाचा एक व्हॉल, म्हणजे धुराची झडप, आहे तो तर बारा महिने काजळीनं चोकलेला. मी माहेरच्या माणसांची जेवढी दुखणी ऐकली नाहीत तेवढी त्या ईजीआरची ऐकली. बरं, माणसांची दुखणीही त्यांना गाडीच्याच भाषेत कळतात. आमचे हे थंडीत लवकर उठत नाहीत तर म्हणाले, "हीटर प्लग गेलाय. उन्हात लाव त्याला." आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, करपट ढेकर यायला लागले तर म्हणे, "वैनी, तुमचा ईजीआर चोकलाय. एकदा घाटात लांब चालून या."

"तुमीच जावा आन तिकडंच ऱ्हावा, भावजी," आत्याबाई म्हणाल्या. पण गेल्या, हं. नानांच्याच गाडीतून.

कारण नानांच्या सगळ्या शास्त्रातला मोठा नियम म्हणजे भार. टर्बोची गाडी रिकामी पळवायची नाही. रिकाम्या गाडीला इंजिनाचा जोर लागतच नाही, मग टर्बो आळसावतो, काजळी धरतो, आणि एक दिवस घाटात बसकण मारतो. म्हणून आठवड्यातून एकदा तरी गाडीत माणसं भरून तिला चढावर दमवायची. बाजाराच्या दिवशी सकाळी आमच्या फाटकापाशी हॉर्न वाजतो. "वैनी, टर्बो चोकायला लागलाय! भार द्या!" की आत्याबाई, वरच्या आळीची सखूमावशी आणि मागच्या घरातल्या रखमाकाकू पिशव्या घेऊन निघाल्या. बाजार भोरला, आणि नाना त्यांना आधी उलट्या दिशेला पाबे घाटाच्या माथ्यावर नेऊन आणणार! वर थांबायचं, शेंगा खायच्या, गावभरच्या गप्पा मारायच्या, मग खाली उतरायचं. दुपार टळल्यावर सुकलेली मेथी घेऊन बायका घरी. माझं डोकं फिरायचं. एस्टीनं गेलं तर दोन तासांचं काम!

एकदा मी सुचवलं, "नाना, माणसं कशाला? सिमेंटची पोती टाका डिकीत. भार तो भार."

नाना माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी काही वंगाळ बोलले. "पोती गप बसत्यात," एवढंच म्हणाले आणि बॉनेट उघडून आत डोकं घातलं.

यंदा गाडीला पंधरा वर्षं झाली. आता ती परत पास करून घ्यायला हवी होती. सुनंदाताई पुण्याहून आल्या आणि आमच्या ओसरीवर बसून स्पष्ट बोलल्या. "बाबा, गाडी पास झाली तर राहा हितं. नापास झाली तर ती भंगारात, आणि तुम्ही माझ्याकडं. रात्री तुम्हाला काही झालं तर मला कोण कळवणार?" वाईट काय बोलत होत्या? लेकीचा जीव तो. नाना ऐकत होते आणि पायाच्या अंगठ्यानं शेण सारवलेली जमीन उकरत होते.

त्या दिवसापासून नानांचं जेवणखाणावरचं लक्षच उडालं. फिल्टर बदल, तेल बदल, ईजीआर उघडून घास. आत्याबाईंनी पाठवलेली भाकरी तशीच ताटाखाली झाकलेली असायची. एकदा मला म्हणाले, "चौथ्या मजल्यावर घर हाय तिचं. चांगलं हाय. सगळी सकाळी कामाला जात्यात. दार लावून बसायचं." मग जरा वेळानं, "हितं निदान कुणाची तरी बोकडं अंगणात येत्यात."

पासिंगच्या दिवशी मला पुण्याहून अस्तराचं कापड आणायचं होतं म्हणून मीही निघाले. अंगणात बघते तर आत्याबाई, सखूमावशी आणि रखमाकाकू ठेवणीतली लुगडी नेसून गाडीत बसलेल्या.

"तुम्ही कुठं?"

"भार नको का?" सखूमावशी म्हणाली. "आज तर परीक्षा हाय गाडीची."

पासिंगच्या मैदानावर गाड्यांची रांग लागलेली. आरटीओचे साहेब आमच्या गाडीपाशी आले, आत डोकावले आणि चक्रावले. "ही मंडळी कोण?"

"भार हाय, सायेब," आत्याबाईंनी आतूनच सांगितलं.

"उतरा सगळ्या. गाडी रिकामी लागते."

झालं! रखमाकाकू दार घट्ट धरून बसल्या. "अवो रिकामी नेऊ नगा, टर्बो काजळी धरील! म्हाताऱ्याचं नुकसान हुईल!" रांगेतले ड्रायव्हर हसायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी मी एकेकीला हाताला धरून खाली घेतलं. साहेबांनी स्वतः गाडी चालवली, मैदानाला वेढा मारला, जोरात रेस करून बघितली, धुराची नळी लावून बघितली. नाना खांबाला टेकून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होते की सिलेंडर मोजत होते, कोण जाणे.

साहेब उतरले आणि म्हणाले, "इंजिन छान ठेवलंय, आजोबा. धूर नाही, आवाज नाही. याची कसलीच तक्रार दिसत नाही."

गाडी पास! बायकांनी तिथंच एकमेकींना मिठ्या मारल्या. पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. रिकामी गाडी तर फुलासारखी पळाली होती. मग इतकी वर्षं चोकत होतं ते काय? चहाच्या टपरीवर मी नानांना धरलंच. "नाना, खरं सांगा. तुमच्या टर्बोला भार लागत नाही ना?"

आत्याबाईंनी टेबलाखालून माझ्या मांडीला असा चिमटा काढला की चहा बशीत सांडला. "गप की गं! आमाला काय ठावं न्हाई व्हय? बाजाराला एस्टी न्हाई का जात?" म्हणजे बघा, त्या तिघींना ठाऊक होतं! घाट, शेंगा, सुकलेली मेथी, सगळं ठाऊक असून चाललं होतं. गावात येडी मी एकटीच.

आता बोलून गेल्याच होत्या म्हणून आत्याबाई नानांकडे वळल्या. "भावजी, फुडं इंजिनाचं निमित्त नगा सांगू. सरळ या म्हना की. आमी येनार न्हाई का?"

नानांनी बशी खाली ठेवली.

"टर्बोला मानसं पायजेत म्हनलं आन कुनी आलं न्हाई, तर ते गाडीपुरतं ऱ्हातं, वैनी," ते म्हणाले. "मला पायजेत म्हनलं आन कुनी आलं न्हाई, तर म्या काय करू?"

आमच्या आत्याबाई कुणाचा शब्द खाली पडू देत नाहीत. त्या दिवशी त्यांनी नुसते पदरानं डोळे टिपले. सखूमावशीनं नानांच्या पुढ्यात आपलं बिस्कीट सरकवलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी हॉर्न वाजला नाही. आत्याबाई आदल्या दिवशीच माझ्या नणंदेकडे कामथडीला गेल्या होत्या, घरात मी एकटी. ओसरीवर मशीन चालू, संध्याकाळी द्यायचं ब्लाऊज सुईखाली. फाटक वाजलं म्हणून मान वर केली तर नाना चालत आलेले. इस्त्रीचा सदरा, डोक्याला तेल. पायरीपाशी उभे राहिले. आत डोकावले, आत्याबाई नाहीत हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि ते परत फिरायला लागले. मग थांबले.

"सूनबाई, गाडी चांगली हाय," ते म्हणाले. "गाडीला कायबी झालं न्हाई."

"बरं मग?"

त्यांनी घसा खाकरला. पायरीवरची माती चपलेनं उगीच बाजूला सारली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला करमंना झालंय. येतीस का?"

ब्लाऊजला गळा लावायचा राहिला होता. गिऱ्हाईक खवट, संध्याकाळी दारात येऊन माझी शोभा करणार हे नक्की होतं. मी मशीनवरचा हात काढला.

"थांबा, नाना," मी म्हटलं. "चपला घालते."