बाबांची गाडी वळेना

“गाडी बोलाक लागली काय आपण बोलूचा नाय गो, कावेरी. आधी आयकूचा!”

सासरे जाऊन बरेच दिवस झाले, तरी त्यांचं हे वाक्य कावेरीच्या कानात जसंच्या तसं होतं. कट्टा गावातल्या घरासमोर फणसाखाली त्यांची लांबलचक पांढरी गाडी अजून उभी होती. पंचक्रोशीत पहिलं पॉवर स्टेअरिंग तिलाच! बाबा एका बोटानं चाक फिरवत आणि दुसऱ्या हातानं अख्ख्या बाजाराला नमस्कार करत.

हल्ली मात्र गाडी बोलायला लागली होती. वळताना कुंईऽऽ करून अशी ओरडे, की शेजारचे कुत्रे उत्तर देत! आणि स्टेअरिंग इतकं जड, की नाक्यावर वळताना कावेरीचे यजमान हरिश्चंद्र मास्तर रुतलेली होडी ओढत असल्यासारखे दिसत. मुंबईहून मुलगा पुष्कर शेवटी वैतागला. बांद्याचा दीपेश जुन्या गाड्या घ्यायचा. तो सोमवारी येणार, तोपर्यंत गाडी सरळ वळली नाही तर त्याला देऊन टाकायची, असा शब्दच पुष्करनं वडिलांकडून घेतला.

सोमवार उजाडला. मास्तर छाती काढून अंगणात उभे!

“माणसाक रगात, तसां स्टेअरिंगाक लाल तेल! कमी झालां, वतला, संपला! तेका मेकॅनिक कित्याक होयो?”

कावेरीच्या मनात आलं, कमी झालं ते गेलं कुठे? पण विचारणार कशी? सोमवारी गावच्या देवळातली दुपारची घंटा होईपर्यंत तिचं मौन असे. लिहिणं म्हणजे हातानं बोलणंच, म्हणून तेही नाही. खुणा तेवढ्या चालत. ती वाकून गाडीखाली बघू लागली. फणसाच्या सुक्या पानावर लाल ठिपका! तिनं ते पान मास्तरांच्या नाकासमोर धरलं.

“शी! पान खावन कोण थुकलो हयसर?” मास्तर ओरडले. “आणि तू तां उचलतस काय!”

झालं! आणून ठेवलेल्या सुट्या तेलासाठी ते तरातरा आत गेले, स्वयंपाकघराच्या खिडकीतली पाण्याची जुनी बाटली घेऊन आले आणि बॉनेट उघडून ती लाल बाटली स्टेअरिंगच्या तेलाच्या डब्यात रिकामी केली. गाडी सुरू केली. स्टेअरिंग फिरवलं. कुंईऽऽ बंद झालं! मास्तरांच्या चेहऱ्यावर दिवाळी... आणि पुढच्याच क्षणी गाडीच्या पोटातून असा गुरगुराट सुरू झाला, की पडवीतली मांजर कौलांवर गेली! मास्तरांनी घाईघाईनं गाडी बंद केली आणि नाक्यावरच्या सुशांत मेकॅनिकला हाक घातली.

सुशांत आला, तोच दीपेशची मोटरसायकलही दारात. दोघांनी डब्याचं झाकण उघडलं.

“मास्तरांनू,” सुशांत घाबराघुबरा झाला, “गाडयेच्या तोंडाक फेस इलोहा! गुलाबी!”

“पंप गेलो, काका,” दीपेश गोड आवाजात म्हणाला. “आता हिका मीच सांभाळतंय.”

इकडे कावेरी पाहुण्यांसाठी सोलकढी करायला आत गेली होती. नारळाचा रस तयार होता. खिडकीतली कोकमाच्या आगळाची, तसलीच पाण्याची जुनी बाटली तिनं आधी वाटीत उपडी केली. आगळ पडलं, पण कसं? गुळगुळीत, जाडसर, वाटीच्या कडेवरून ऐटीत घसरत! तिनं हुंगून बघितलं. कोकमाच्या आंबट वासाचा पत्ता नाही. वास थेट सुशांतच्या दुकानाचा! मास्तरांनी आणलेलं सुटं तेल ते हेच. मग गाडीत गेलं ते काय?

वाटी घेऊन ती अंगणात धावली. बॉनेटकडे बोट, मग वाटीकडे, मग पिण्याची खूण, मग जोरजोरात नकाराची मान!

“काकी म्हणतत, आधी सोलकढी पिया, गाडी मगे बघा,” सुशांतनं उलगडा केला आणि वाटीला हात घातला. कावेरीनं ती झटकन पदराआड लपवली.

“ऱ्हवांदे,” सुशांत हिरमुसला. “देवाक दाखवूक आसतली.”

देवाचं नाव ऐकलं आणि मास्तरांचा धीरच सुटला. बाबांची गाडी हातची चालली! दूरच्या तोंडवलीच्या देवळाच्या दिशेनं हात जोडून त्यांनी गाऱ्हाणंच घातलं, “बा देवा म्हाराजा! माझ्या बापाशीची ही गाडी आज सरळ वळली, तर उद्या कट्ट्यावरसून तुझ्या पायाकडे चलत येतंय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” गाऱ्हाण्याला साथ द्यायच्या सवयीनं सुशांत ओरडला. बॉनेटखालून दीपेशही ओरडला!

आणि गावच्या देवळात दुपारची घंटा झाली.

“अवो,” कावेरी हळूच म्हणाली, “तुमी गाडयेत आगळ वतलात.”

सुशांतनं गाडीतल्या डब्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं.

“मीठ जरा जास्तच पडलाहा, काकी!”

त्यापुढचं काम कावेरीच्या देखरेखीखाली झालं. सुशांतनं सगळं उपसलं, दुकानातून तेल आणून पुन्हा पुन्हा आतून धुऊन काढलं. कावेरीनं लाल ठिपक्याचं ते पान पुढे केलं आणि ते सापडलं त्या जागी बोट दाखवलं. वर बघतात तर रबरी पायपाची क्लिप सैल! ती आवळली, नवं तेल भरलं. मास्तर नाक्यापर्यंत जाऊन वळून आले. गाडी देवळातल्या पुजाऱ्यासारखी गुपचूप वळली! दीपेशला आता ती पहिल्यापेक्षा जास्त आवडली. मास्तरांनी त्याला खरी सोलकढी पाजून बांद्याला परत पाठवलं.

रात्रीच्या जेवणाला मास्तर भात चिवडत बसले.

“कावेरी, चलत म्हणजे... गाडी चलता, तशी चलत म्हटलां तर?”

“देव काय म्हणूचो नाय,” कावेरी ताक वाढत शांतपणे म्हणाली. “पण सुशांत अख्ख्या बाजारात सांगत फिरताहा.”

पहाटे कावेरीनं देवाजवळ दिवा लावला आणि दाराशी आली. मास्तरांनी छत्री काखेत मारली होती, धोतराचा सोगा वर खोचला होता. नवीकोरी झाल्यासारख्या चमकणाऱ्या गाडीकडे त्यांनी मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. फाटकाची कडी आवाज न करता लावली आणि तोंडवलीच्या रस्त्याला लागले.