नऊ गाठींचा शिकारी

उखा शिंप्याकडे माप द्यायला गेलं की तो आधी छाती मोजायचा, मग कंबर, आणि टेप गळ्याभोवती गुंडाळलेली असतानाच विचारायचा, "मास्तर, तुम्हीन सांगा. मन्हा शिकारीले वैदकी शिकाडू का नही?"

गळ्याभोवती टेप असताना माणूस स्पष्ट मत देत नाही. मीही दिलं नाही.

हा शिकारी म्हणजे एक बटण होतं. ओव्हरकोटाचं, काळं, चार भोकांचं. आणि ते बटण तीन वर्षं सातपुड्याच्या पायथ्याशी उभं होतं, कारण मालकाचा निर्णय होत नव्हता.

एकसष्ट-बासष्ट साल असेल. मी रनाळ्याच्या शाळेत नवा मास्तर होतो. गावात वेळ घालवायला पत्ते होते, भजन होतं आणि उखाचं दुकान होतं. पहिल्या दोन्हींत मला गती नव्हती. उखाकडे दर रविवारी दुपारी मशीन बाजूला सरकवून एक कापड अंथरलं जाई. चिंध्या जोडून त्यानं स्वतः शिवलेला तो सगळा मुलूख होता. निळ्या साटिनची तापी, खाकी वाटा, हिरव्या मांजरपाटाचा सातपुडा आणि अगदी वर, चांदीच्या जरीच्या तुकड्याचं तोरणमाळचं तळं. तापीकाठच्या प्रकाशा गावच्या घाटावरून निघायचं आणि तळ्यापर्यंत पोचायचं. कवड्या टाकून चालायचं.

प्रत्येकाचा एक माणूस, म्हणजे एक बटण, आणि त्या माणसाचा एक धंदा. रतनआबा पाटील नावाडी होते. कपाशीचे मोठे शेतकरी, खऱ्या आयुष्यात तापीच्या पाण्यात गुडघ्यापलीकडे न उतरलेले. मी वाटाड्या होतो, आणि मला रनाळ्यातून स्टेशनचा रस्ताही धड सांगता येत नव्हता. उखा शिकारी. एकेक मुक्काम जिंकला की आपल्या दोऱ्याला एक गाठ मारायची. जितक्या गाठी, तितका माणूस धंद्यात पक्का. दोरा वीतभर, त्यात गाठी मावणार बारा. बाराव्या गाठीला शिकारी सातपुड्याच्या घाटातला वाघ मारू शके, आणि वाघ मेल्याशिवाय कुणालाच तळ्यावर जाता येत नसे.

उखाच्या शिकाऱ्याच्या नऊ गाठी झाल्या होत्या. आणखी तीन, की वाघ खलास. पण नियम असा, की माणसाला वाटलं तर तो जोडधंदा शिकू शकतो. त्याच दोऱ्याला हिरवा धागा गुंतवून वैदकीच्या गाठी मारायच्या. दोरा मात्र वाढवायचा नाही. म्हणजे तीन गाठी वैदकीला दिल्या की शिकारी कायमचा नऊ गाठींचाच राहणार आणि वाघ कायमचा जिवंत.

यात विचार करण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. रतनआबांना तर फारच वाटे. "अरे उखा, मार ना वाघ. तीन वरीस व्हयनात, मन्ही नाव तठेच बांधेल शे."

"इचार करी ऱ्हायनू, आबा."

आणि तो खरंच करी. पायानं मशीन चालवताना करी. मधेच उठून दारापर्यंत जाई, बाहेर कुणी नसताना बाहेर बघे, परत येऊन बसे, पुन्हा उठे. एकदा माझ्यासमोर त्यानं ठाम निर्णय घेतला, "आज पक्कं, वाघच." मी शाळेत पोचतो न पोचतो तोच मागून धावत आला. "मास्तर, थांबा. तो निर्णय नही."

त्याला बोचत होतं एक पांढरं बटण. शिंपल्याचं, झकास. घाटाच्या अलीकडे लाल फ्लॅनेलचा एक तुकडा होता, ते तापाचं घर. त्यात जो सापडेल त्याला तीन गाठींचा वैदूच बाहेर काढू शके. ते पांढरं बटण मी यायच्या आधीपासून तिथं पडून होतं. ते कुणाचं, हे मी विचारलं की उखा दोरा दातानं तोडत बसे आणि रतनआबा पानाचा डबा उघडत. एकदा मी सहज म्हणालो, "त्यात काय एवढं? मी शिकतो वैदकी. माझ्या चारच गाठी झाल्यात."

"नही," उखा म्हणाला. "हाई मन्हंच काम शे." इतकं तुटक तो कधी बोलला नव्हता.

मग माझा कोट झाला. शाळा तपासायला साहेब येणार म्हणून मी उखाकडे कोट टाकला. तपासणीच्या सकाळी तो अंगात चढवला, तर उजव्या हाताचं कोपर पुढं येईना. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या होत्या. साहेबांसमोर मी दिवसभर उजवा हात पाठीमागे धरून उभा होतो. साहेबांनी शेऱ्यात माझी शिस्त वाखाणली, ही गोष्ट वेगळी.

संध्याकाळी मी तावातावानं दुकानात गेलो. उखा एकटाच होता. कापड अंथरलेलं आणि पांढरं बटण त्याच्या तळहातावर. माझा कोट बघून तो उसवायला बसला आणि उसवता उसवता बोलला. बटण त्याच्या धाकट्या भावाचं, नथूचं. हा खेळ दोघांनी मिळून शिवलेला. नथूला शिवणाबरोबर क्लॅरिनेट वाजवायची होती, बँडमध्ये. बँडला बोलावणं लग्नसराईत, आणि शिंप्याला श्वास घ्यायला फुरसत नसते तीही लग्नसराईतच. नवरदेवांचे कपडे अर्धवट, आणि नथू वरातीत.

"मी त्याले सांगं, एक मानूस, एक धंदा. तो म्हने, खेळमा तर जोडधंदा चालस. मी म्हनं, खेळमा बी चालाव नही." त्याच दुपारी खेळात नथू तापाच्या घरात पडला होता. शिकारी थांबला नाही, पुढं गेला. दुसऱ्या दिवशी नथू सुरतेला निघून गेला. तिथं गिरणीत लागला आणि बँडमध्येही वाजवतो, असं कुणीतरी सांगितलं होतं.

"आते मी वैदकी शिकनू, तर त्यानंच खरं व्हयनं ना, मास्तर?"

"झालं तर झालं," मी म्हणालो. एवढा वेळ मी त्याच्यावर चिडून होतो, ते मला आठवेना. मला त्याची फार कीव आली.

तीन रविवार लागले. तीन हिरव्या गाठी बसल्या आणि दोरा भरला. उखानं पांढरं बटण लाल फ्लॅनेलवरून उचललं, सदऱ्याला पुसलं आणि काळ्याशेजारी वाटेवर ठेवलं. रतनआबांचं तळं कायमचं गेलं होतं. ते एवढंच म्हणाले, "बरं व्हयनं."

मग उखानं माझ्याकडून पोस्टकार्ड लिहून घेतलं. मी 'चिरंजीव नथूस अनेक आशीर्वाद' असं सुरू केलं, तर त्यानं खोडायला लावलं. त्याला दोनच वाक्यं हवी होती. "तुले तापना घरमाईन काढं. आते तुन्हा डाव शे."

माझी बदली झाली तोवर उत्तर आलं नव्हतं. खेळ मात्र दर रविवारी चालूच होता. तळ्यावर कुणीच पोचणार नाही, हे ठाऊक असून आम्ही तिघं चालत होतो. माझ्यानंतर चौथा डाव आला की रतनआबा, कुणी न सांगता, कवड्या नथूच्या बसायच्या रिकाम्या पोत्यापुढे सरकवून ठेवत. उखा दाराकडे बघे. सुईत दोरा ओवायला लागतो तेवढा वेळ आम्ही त्या डावासाठी थांबत असू.

"यी तो," उखा म्हणे. "चाला आबा, तुमना डाव."