अडतीस शिक्षक आणि एक अपूर्णांक

आमचं मुक्त लोकविद्यापीठ सुरू झालं तेव्हा पहिल्याच दिवशी एकोणचाळीस जणांनी नावं नोंदवली. पैकी अडतीस जण शिकवायला आले होते.

यात कोणाचा दोष नाही. प्रवेशअर्ज मीच तयार केला होता आणि त्यात एकच रकाना होता : ‘आपण समाजाला काय देऊ शकता?’ घ्यायलाही कोणी येईल हे तेव्हा सुचलंच नाही. आमच्याकडे फी नाही, परीक्षा नाही, पदवी नाही आणि पदंही नाहीत. मी निमंत्रक आहे, पण ते पद नव्हे, जबाबदारी आहे. आणि ती मी दुसऱ्या कोणाच्या हातात देत नाही.

एकोणचाळिसावा अर्ज नळदुरुस्तीवाल्याचा होता. त्यानं लिहिलं होतं : ‘अपूर्णांकांचा भागाकार शिकायचा आहे. कुठे गळत असेल तर बघून देईन.’

“मुलगी सहावीत आहे,” तो म्हणाला. “पुढच्या महिन्यात तिचा पेपर. मध्ये तिनं विचारलं, बाबा, भागताना दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा? मी म्हटलं, आईला विचार. आई म्हणाली, बाबांना विचार. आता ती दोघांनाही काही विचारत नाही. फार लागलं हो ते मनाला.”

आम्हाला गहिवरून आलं. अखेर विद्यार्थी मिळाला होता.

लगोलग विद्यार्थी वाटप समिती नेमली. माणूस एक, अभ्यासक्रम अडतीस, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला तो रोज पाच मिनिटं येईल असं ठरलं. तेवढ्या पाच मिनिटांत दातांच्या डॉक्टरीणबाईंनी ‘मौनाचा इतिहास’ शिकवला, विमा एजंटनं ‘भीतीपासून मुक्ती’ शिकवली आणि मी ‘प्रश्न कसा विचारावा’ या विषयाची चौदा व्याख्यानांची प्रस्तावना सुरू केली. त्यानं दोनदा हात वर केला होता. प्रश्नांचं प्रकरण बाराव्या व्याख्यानात आहे, असं मी त्याला प्रेमानं समजावलं.

इस्त्रीच्या दुकानावरची आमची खोली तशी बरी आहे, फक्त खालून वाफ येते. तिथं कोणी पुढं, कोणी मागं नको म्हणून आम्ही गोल बसतो. फळाही समतेच्या तत्त्वानं मधोमध ठेवला होता. त्यामुळे निम्म्या लोकांना फळ्याची पाठ दिसे. मग दर दोन मिनिटांनी फळा फिरवायचा ठराव झाला आणि नळदुरुस्तीवाल्याची मान आखडली. एक दिवस तो कोणाचा तरी गीझर बसवायला गेला, तर अडतीस शिक्षकांनी त्याच्या गैरहजेरीचा निषेध नोंदवला. शिकण्याची तळमळच राहिली नाही लोकांना.

पेपरला आठवडा उरला तेव्हा त्यानं हात जोडले. “अपूर्णांकांचं तेवढं बघा ना.”

गणित येणारं आमच्यात एकच माणूस होतं. निवृत्त मुख्याध्यापिकाबाई. तीस वर्षं गणित शिकवलेलं.

“तीस वर्षं मी तेच केलं,” बाई म्हणाल्या. “आता मी मुक्तनृत्य शिकवते. दोन्ही हात वर घ्या.”

त्यानं घेतले. आपल्याला त्यांचाच आधार आहे, हे त्याला कळत होतं.

शेवटी विषय सर्वसाधारण सभेपुढे आला. अंश वर आणि छेद खाली, ही उतरंड आपल्या विद्यापीठात चालणार नाही, अशी पहिली हरकत आली. दोघांना शेजारी शेजारी लिहायचं एकमतानं ठरलं. त्यानंतर एकाही सभासदाला अपूर्णांक ओळखता येईना. मग कोणी तरी उठून म्हणालं, दुसरा अपूर्णांक उलटा करतात ही तर क्रांतीच झाली, खालचा वर आणि वरचा खाली. टाळ्या पडल्या. वर-खाली पुन्हा मंजूर झालं.

“पण उलटा का करायचा?” नळदुरुस्तीवाल्यानं विचारलं.

“करायचाच असतो,” विमा एजंट म्हणाला.

“नियम आहे तो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी मुख्याध्यापिकाबाईंकडे पाहिलं. बाई हळूच म्हणाल्या, “तीस वर्षांत कोणी विचारलंच नाही मला.”

आम्ही कारणमीमांसा उपसमिती नेमली. अहवालाची मुदत सहा महिने.

पेपरच्या आदल्या दिवशी, माझं नववं व्याख्यान चालू असताना, कोपऱ्यातल्या बेसिनचा पाइप फुटला. नळदुरुस्तीवाल्याची कळी खुलली. त्यानं पिशवीतून तीन मीटरचा नवा पाइप आणि करवत काढली.

“अर्ध्या-अर्ध्या मीटरचे तुकडे लागतील,” तो स्वतःशीच पुटपुटला. “एका मीटरात दोन. तीन मीटरात तीन दुणे सहा.” त्याचा हात थांबला. “म्हणजे तिनाला अर्ध्यानं भागायचं, तर दोनानं गुणायचं. अर्धा उलटा केला की दोन. हात्तिच्या, एवढंच होय?”

बाई खुर्चीवरून उठून थेट पाण्यात उतरल्या आणि पाइपकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही हा क्षण वाया जाऊ दिला नाही. जागच्या जागी त्याला एकोणचाळिसावा शिक्षक म्हणून घोषित केलं आणि मी गौरवाचं भाषण सुरू केलं.

“मी निघतो,” तो म्हणाला. “पोरीचा उद्या पेपर आहे.” बेसिन तसंच टाकून तो जिने उतरून पळाला.

पुढच्या आठवड्यात रस्त्यात भेटला. पोरीनं उत्तर तर लिहिलंच, शिवाय खाली पाइपचं चित्र काढून कारणही लिहिलं. शाळेनं एक गुण कापला, शेरा दिला : ‘विचारले तेवढेच लिहावे.’

“जाऊ दे एक गुण,” तो म्हणाला. त्याचा चेहरा फुलला होता. “आता मलाच विचारते सगळं. काल विचारलं, आभाळ निळं का? तुमच्याकडे येणार होतो, पण म्हटलं नको. दोघं बसून शोधू.”

तेव्हापासून आमच्याकडे विद्यार्थ्याची एक जागा रिकामी आहे. जाहिरात दिली तर बावीस जण आले, सगळे टिपणं घेऊन, बोलायला. आता शिक्षक साठ झाले. म्हणून म्हटलं, तुम्हाला विचारावं. एवढा वेळ तुम्ही आम्हाला हसत होता, म्हणजे जाणकार आहात. आता दोन तृतीयांशाला तीन चतुर्थांशानं भागताना उलटं का करायचं, ते सांगा बघू. पाइप न वापरता. येत नाही? उत्तम. खुर्ची पुसून ठेवली आहे. फक्त येऊन गप्प बसायचं आणि ऐकायचं.

आलं लक्षात. तुम्हालाही एका विषयावर बोलायचंय. तुमचा नंबर एकसष्टावा.