राउटरचा मेंदू

गुरुसिद्धप्पा मंद्रूपहून निघाल्याचा फोन आला, तेव्हा महेश्वरीच्या ओल्या केसांना पंचा गुंडाळलेला होता आणि तिचा राउटर बंद पडलेला होता.

"मामा, याला कुणी हात लावला होता का?" तिनं सासऱ्यांना विचारलं.

"कोण लावणार? हितं कुणाला काय कळतंय त्यातलं," महादेवप्पा म्हणाले आणि वर्तमानपत्रात अधिकच शिरले.

हा राउटर दुकानातून आणलेला नव्हता. पत्त्यांच्या कॅटाएवढ्या एका बोर्डावर अख्खा छोटा कॉम्प्युटर असतो, तसलं बोर्ड आणून महेश्वरीनं तो घरीच बनवला होता आणि शेंगाचटणीच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून त्यात बसवला होता. सोलापूरच्या बाळीवेशीतलं त्यांचं घर आगगाडीसारखं लांबलचक. कंपनीनं दिलेल्या यंत्राचं इंटरनेट बाहेरच्या खोलीतच दमायचं. महेश्वरीचा डबा मात्र थेट गच्चीपर्यंत इंटरनेट पोचवायचा, वर मधेमधे घुसणाऱ्या जाहिरातीही गाळून टाकायचा. सासूबाई गंगम्मांना त्याचं कौतुक होतंच. पण महादेवप्पांना जे होतं त्याला कौतुक म्हणणं कमीच. दूधवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला आधी डब्याचं दर्शन घ्यावं लागे.

मंद्रूपचे गुरुसिद्धप्पा हे त्यांचे चुलतभाऊ, तिथल्या एका शाळेच्या कमिटीवर. पुण्यातल्या इंजिनिअर जावयाचं नाव घेतल्याशिवाय त्यांचं बोलणं पुढं सरकत नसे. गेल्या आठवड्यात महादेवप्पांना ते सोसवलं नाही. "तुझा जावई कॉम्प्युटर वापरतो रे गुरू," ते फोनवर गरजले, "माझी सून बनवती!"

"मग दाखव की," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "चांगलं वाटलं तर शाळेतलं इंटरनेटचं काम तिलाच देऊ."

महेश्वरी एका क्लासमध्ये मुलांना टायपिंग आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकवायची. स्वतःच्या नावावरचं काम अजून तिला मिळालं नव्हतं. त्यामुळं फोन ठेवल्यापासून ती मनातल्या मनात मंद्रूपच्या शाळेत वायरी ओढत होती. आणि नेमका आज डबा रुसला होता.

तिनं झाकण उघडलं. लाल दिवा लागलेला, म्हणजे वीज पोचत होती. पण हिरवा दिवा लुकलुकायला हवा, तो ढिम्म. तिनं अडॅप्टर बदलला. वायर बदलली. बाकीच्या साऱ्या वायरी काढून पुन्हा लावल्या. हिरवा दिवा हलेना.

"देवापुढं ठेवू का जरा?" गंगम्मांनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"नको अत्ती. आधी टीव्हीला जोडून बघते."

टीव्हीच्या काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. त्या इंग्रजीचा अर्थ एवढाच होता की, चालू तर व्हायचंय, पण काय चालू करायचं ते सापडत नाही. महेश्वरीनं बोर्डाच्या पोटातलं नखाएवढं कार्ड ओढून काढलं, उलटंसुलटं केलं आणि तिचा चेहरा बदलला.

"हे माझं कार्डच नाही."

तिनं ते लॅपटॉपला लावलं. आत बसवेश्वर जयंतीच्या मिरवणुकीचे व्हिडिओ होते, भजनं होती आणि डब्यावर हात ठेवून उभ्या असलेल्या महादेवप्पांचे, वेगवेगळ्या सदऱ्यांतले, असंख्य फोटो होते.

वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं.

"त्याचं काय झालं," महादेवप्पा म्हणाले, "तू आंघोळीला गेलीस आणि कुंडलिक आला." कुंडलिक म्हणजे समोरच्या घरातले निवृत्त पोस्टमन. "मी त्याला म्हटलं, ह्या राउटरचा सगळा मेंदू एका कार्डात हाय. तर म्हणतो, असलं कार्ड माझ्या मोबाईलात पण हाय! आता काय बोलायचं? चाळीस वर्षं चादरी विकल्या मी. माल हातात दिल्याबिगर गिऱ्हाइकाला पटत न्हाय. मग मेंदू काढला, माझ्या मोबाईलातलं कार्ड काढलं, दोन्ही त्याच्या हातावर ठेवली. म्हटलं, बघ फरक."

"मग?"

"फरकच दिसंना की."

"आणि परत बसवताना अदलाबदल झाली," महेश्वरीनं श्वास सोडला. "काही बिघडलं नाही मामा. माझं कार्ड तुमच्या मोबाईलमध्ये असेल. द्या इकडं."

महादेवप्पांनी मोबाईल पुढं केला नाही.

"मोबाईलनं इचारलं मला, हे कार्ड वापरता येत न्हाय, तयार करायचं का म्हणून."

"तुम्ही काय केलंत?"

"म्हटलं कर. पाहुणे येणार होते, सगळं तयार असलेलं बरं."

महेश्वरी खाली बसली. मोबाईलनं तिचं कार्ड तयार केलं होतं, म्हणजे धुऊनपुसून कोरं केलं होतं. मूळ सिस्टिमची फाइल लॅपटॉपवर होती. पण त्यानंतर चार महिने खपून तिनं जे जे बसवलं होतं, ते आता फक्त तिच्या डोक्यात होतं. तिनं पंचा खांद्यावर टाकला, केस आवळून बांधले, कार्ड लॅपटॉपला लावलं आणि नव्यानं लिहायला घेतलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. महादेवप्पा दाराकडं धावले, धावता धावता थांबले आणि त्यांना एक युक्ती सुचली. दाराशेजारीच मेन स्विच होता. त्यांनी तो खाली ओढला.

"ये गुरू, ये! काय सांगू, आत्ताच लाईट गेली बघ. आता काय दाखवणार तुला!"

आत पंखा थांबला. लॅपटॉपची बॅटरी कधीच निकामी झालेली, त्यानंही मान टाकली. कार्ड अर्धंच लिहून झालं होतं.

गुरुसिद्धप्पा दाराजवळच्या सोप्यात खुर्चीवर टेकले, टोपीनं वारा घेऊ लागले. उन्हाळा सोलापूरचा. थोड्या वेळानं त्यांनी रस्त्यापलीकडं मान वळवली.

"महादेवा, समोर कुंडलिकाकडं पंखा फिरतोय की."

"त्यांचा… त्यांचा जुना पंखा हाय. थांबायला येळ लागतो त्याला."

आतून गंगम्मांचा आवाज आला, "अय्यो, काय बोलायलेत हे!" आणि पाठोपाठ महेश्वरी बाहेर आली. तिनं एकदा सासऱ्यांच्या घामेजल्या चेहऱ्याकडं बघितलं. मग सरळ म्हणाली, "काका, लाईट आहे. माझा राउटर बंद पडलाय. कार्ड कोरं झालंय, पहिल्यापासून सगळं बसवावं लागेल. तुम्हाला वेळ असेल तर थांबा. मामा, मेन स्विच वर करा."

महादेवप्पांनी स्विच वर केला.

गुरुसिद्धप्पा उठले. महादेवप्पांना वाटलं, निघाले. पण ते खुर्ची उचलून आत आले आणि महेश्वरीशेजारी मांडून बसले. "चालू दे तुझं," ते म्हणाले.

महेश्वरीनं चालू केलं. आधी बोटं अडखळत होती. पुढं पुढं पाहुणे बसलेत हेच ती विसरली. एकदा चुकली, "हे असं नाही," असं स्वतःलाच म्हणून तिनं ते पुसून पुन्हा लिहिलं. गुरुसिद्धप्पांनी विचारलं, "हे कशाला?" तेव्हा मान वर न करता तिनं सांगितलं, "तुमच्या शाळेतल्या पोरांनी अभ्यासाच्या वेळी नको ते उघडू नये म्हणून." गंगम्मा चहा ठेवून गेल्या, दोघांचेही कप गार झाले. महादेवप्पा उंबऱ्यावर उभे होते, सुनेच्या बोटांकडं बघत. इतके दिवस ते डबा दाखवत सुटले होते. डबा बनतो कसा, हे त्यांनीही आजच पाहिलं.

अखेर दोनेक तासांनी तिनं कार्ड बोर्डात सरकवलं आणि वीज दिली. लाल दिवा लागला. मग हिरवा दिवा एकदा लुकलुकला, थांबला आणि चुलीवर तडतडणाऱ्या मोहरीसारखा लुकलुकतच सुटला.

"हौदु, हौदु! चालू झालं!" गंगम्मांनी टाळी वाजवली. आनंद झाला की त्यांची कन्नड वर येई.

गुरुसिद्धप्पा मोबाईल हातात धरून बाहेरच्या खोलीतून मागच्या न्हाणीपर्यंत चालत गेले, जिना चढून गच्चीवर जाऊन आले. व्हिडिओ कुठंही अडकला नाही. परत येऊन त्यांनी गार चहा एका घोटात संपवला.

"आमच्या शाळेतला राउटर बसवल्यापासून दोनदा बंद पडला," ते म्हणाले. "बसवणारा दर वेळी म्हणतो, तुमच्याकडं लाईटच नसंल. बंद पडलाय म्हणून तोंडावर सांगणारं आणि बसून चालू करणारं आज पहिल्यांदा बघितलं. सोमवारी ये पोरी. काम तुझंच."

महेश्वरीनं हातातलं झाकण डब्यावर उलटंच ठेवलं. महादेवप्पा मात्र लगेच सरसावले. त्यांची छाती फुगून सदऱ्याच्या गुंड्या ताणल्या गेल्या.

"अरे, म्हणून तर मी सकाळी मुद्दाम बंद पाडून ठिवला! चालू राउटर कुणी पण दाखवंल."

गंगम्मांनी कपाळावर हात मारला. महेश्वरीला इतकं हसू आलं की तिनं तोंडाला पंचा लावला.

"सोमवारी मी पण येतो हिच्याबरोबर," महादेवप्पा म्हणाले.

"ये की," गुरुसिद्धप्पा टोपी घालत म्हणाले. "पण हात खिशात घालून ये."

"घालतो की," महादेवप्पा म्हणाले. "सासरा मी हाय, एवढं सांगायला हात कुटं लागतात?"